पिट्युटरीची गाठ आणि ऑपरेशन थिएटरमधला (ओटीतला) एमआरआय: नक्की उपयोग कुठे होतो?

दुर्बीण (धागालेखक)

डोकेदुखीच्या धाग्यावर "ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय काढतात म्हणे, मग गाठ मागे राहतेच कशी?" हा प्रश्न दोनतीनदा आला. तिथे अवांतर झालं असतं म्हणून हा वेगळा धागा. ओटीत वावरणाऱ्यांनी भर घालावी.

आधी जागा. पिट्युटरी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी. कवटीच्या तळाशी स्फिनॉइड हाडाच्या खोबणीत, म्हणजे सेलात, बसलेली. खाली स्फिनॉइड सायनस, म्हणजे त्या हाडातली हवेची पोकळी. दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस, म्हणजे शिरांच्या रक्ताचे कप्पे, त्यांतून जाणारी कॅरोटिड धमनी आणि डोळा हलवणाऱ्या नसा. वर डायफ्रॅम, म्हणजे सेलाच्या छताचा पातळ पडदा, आणि त्याच्याही वर दृष्टीच्या नसांची फुली, कायझम. गाठ १० मिमीच्या आत असेल तर मायक्रो, १० किंवा जास्त असेल तर मॅक्रो, ४० आणि पुढे जायंट.

नाकावाटे या जागी पोचायची वाट श्लोफर यांनी १९०७ मध्ये इन्सब्रुकला उघडली. पुढे ती बरीच वर्षं मागे पडली. पॅरिसच्या गियो यांनी ऑपरेशन चालू असताना एक्स-रे पडद्यावर हत्याराचं टोक बघायला सुरुवात केली आणि माँट्रियलच्या हार्डी यांनी १९६० च्या दशकात त्याला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली, तेव्हा ती वाट पुन्हा रुळली. म्हणजे या ऑपरेशनात 'इमेजिंग' ही नवी चैन नव्हे, त्याच्याच जोरावर ऑपरेशन परत उभं राहिलं.

आता खरी अडचण. नाकातून जाणारी वाट सरळ असते, गाठ मात्र आडव्यातिडव्या कोपऱ्यांत शिरलेली असते. खालचा भाग निघाला की वरचा भाग डायफ्रॅमसकट खाली उतरतो. तो मधेच आधी उतरला तर लोंबत्या पडद्याआड बाजूचे आणि मागचे कोपरे झाकले जातात. म्हणून क्रम ठरलेला असतो: आधी खालचं, मग दोन्ही बाजूंचं, सर्वांत शेवटी वरचं. तरीही वरच्या घडीत, कायझमखाली, तुकडा अडकून राहतो. समोर पांढरा पडदा उतरलेला दिसतो, सर्जनला वाटतं झालं. ओटीतला एमआरआय नेमका याच ठिकाणी कामाला येतो.

माझं म्हणणं एवढंच: हा स्कॅन 'काय उरलंय' ते सांगतो. उरलेल्याच्या मागे परत जायचं की नाही, हे ऑपरेशनच्या आधी, पहिल्या एमआरआयवर बोट ठेवून ठरलेलं असावं. गाठ कॅरोटिडला चहूबाजूंनी वेढून बसली असेल (नॉस्प श्रेणी ४), तर तिथला तुकडा स्कॅनवर दिसणार हे आधीच माहीत असतं आणि तो तिथेच राहणार हेही. मग तेवढ्यासाठी तासभर भूल वाढवून काय साधलं?

---

गॉसरेषा

धागा छान. मशीनच्या बाजूने थोडं.

ओटीतल्या एमआरआयची सुरुवात बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९९४ च्या सुमारास झाली. ०.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या जोराचं माप) मशीन, दोन कड्यांच्या मधे सर्जन उभा. नंतर जर्मनीत एरलांगेनला आधी ०.२ टेस्ला आणि २००२ पासून १.५ टेस्ला. टेबलाखाली मावणारं ०.१५ टेस्लाचं छोटं मशीनही निघालं. ते सोयीचं, पण त्याचं चित्र धूसर. त्यात मोठा तुकडा दिसतो, ३-४ मिमीच्या बाबतीत खात्री देता येत नाही.

आता साधारण दोन पद्धती आहेत. एकीत मॅग्नेट शेजारच्या खोलीत असतो आणि टेबलासकट पेशंट आत सरकवतात. दुसरीत पेशंट जागचा हलत नाही, छतावरच्या रुळांवरून मॅग्नेटच येतो. दोन्हीकडे ५ गॉसची (चुंबकाचा जोर जिथे ओसरतो ती) रेषा जमिनीवर रंगवलेली असते. ऑपरेशन रेषेबाहेर चालू असेल तर नेहमीची हत्यारं चालतात. म्हणूनच धोका असतो तो स्कॅनच्या आधीच्या दहा मिनिटांत.

त्या दहा मिनिटांत काय काय होतं:

सगळी हत्यारं, सुया, ब्लेड, ड्रिलचे बर मोजून ट्रॉली रेषेबाहेर. मोजणी मोठ्याने, एकाने वाचायची, दुसऱ्याने बोट लावून 'आहे' म्हणायचं. कॉटरीची, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या यंत्राची, प्लेट काढायची. डोकं पिनांच्या चौकटीत असेल तर ती चौकट एमआरआयला चालणारीच हवी, नेहमीची स्टीलची नको. नॅव्हिगेशनचा (हत्याराचं टोक स्कॅनवर दाखवणाऱ्या यंत्रणेचा) संदर्भ-तारा उतरवायचा, पण त्याचा बूड हलू द्यायचा नाही. नाकात सलाइन सोडून पोकळी धुवायची आणि रक्त शोषून घ्यायचं. कापसाच्या पट्ट्या मोजून बाहेर. वरून निर्जंतुक आवरण, मग कॉइल, म्हणजे एमआरआयचे संकेत टिपणारं कडं. एवढं झालं की भूलतज्ज्ञ 'चला' म्हणतो, तोवर कुणी टेबलाला हात लावत नाही.

सीक्वेन्स, म्हणजे चित्रांचे प्रकार, मोजकेच. आधी झटपट टी-२ (यात पाणी पांढरं दिसतं), मिनिटाभरात होतो आणि कायझमखाली पाणी दिसायला लागलं का ते कळतं. मग कोरोनल (समोरून) आणि सॅजिटल (बाजूने) टी-१, २ ते ३ मिमीचे काप, मधे फट नाही. मग कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, चित्र उजळवणारं औषध) देऊन तेच दोन पुन्हा. प्रत्यक्ष स्कॅन वीसपंचवीस मिनिटांचा. आत नेणं, बाहेर आणणं, पुन्हा ड्रेपिंग धरलं तर पाऊण ते दीड तास जातो.

---

भूलथाप

गॉसरेषांनी 'चला' माझ्यावर ढकललंय, तर माझी यादी. यातलं काही पुस्तकात सापडतं, काही नाही.

१. नाकाच्या ऑपरेशनला पुष्कळजण सवयीने श्वासासाठी फ्लेक्सोमेटॅलिक नळी घालतात. तिच्यात तारेचं वेटोळं असतं. ओटीत एमआरआय ठरला असेल तर ती नको. खाली वळणारी, तोंडातून हनुवटीकडे जाणारी प्लास्टिकची आरएई नळी घ्यावी.

२. प्लास्टिकच्या नळीच्याही पायलट बलूनमध्ये (आतला फुगा भरायच्या बाहेरच्या छोट्या फुग्यात) बारीकशी स्प्रिंग असते. ती चेहऱ्याजवळ राहिली तर चित्रात काळा डाग पडतो, आणि तोही नको तिथे. बलून छातीकडे खेचून टेपने चिकटवा.

३. ईसीजीच्या तारा सरळ ठेवा, वेटोळं नको. तारेचं वेटोळं किंवा कातडीला कातडी टेकलेली जागा (मांडीला मांडी, हाताला कंबर) भाजते. मधे पॅड घाला. नसांच्या मॉनिटरिंगसाठी सुईचे इलेक्ट्रोड लावले असतील तर स्कॅनआधी काढा.

४. औषधी पॅच अंगावर आहे का बघा. काहींच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो.

५. पंप रेषेबाहेर ठेवायचे म्हणून नळ्या लांब लागतात. लांब नळीत औषध अडकून राहतं, दर बदलला तरी परिणाम उशिरा दिसतो. टीव्हा (सगळी भूल शिरेतून) चालू असेल तर ही बाब स्कॅनच्या आधीच ध्यानात घ्या. आत गेल्यावर पेशंटच्या डोक्यापाशी पटकन पोचता येत नाही.

६. पेशंट झोपलेला असला तरी कानात बोळे हवेतच.

७. घशातला पॅक मोजणीत धरा. स्कॅनच्या गडबडीत हाच विसरतो.

आणि एक: ऑपरेशनला डोकं १५-२० अंश वर असतं, स्कॅनला सपाट. सपाट केल्यावर शिरांतला दाब वाढून कॅव्हर्नस सायनसमधून झिरपणं सुरू होतं. रक्तस्राव नीट थांबल्याशिवाय आत नेलं तर पोकळी रक्ताने भरते, आणि पुढचं दुखणं स्कॅन वाचणाऱ्या काळंपांढरं यांच्या गळ्यात पडतं.

---

काळंपांढरं

पडतंच. :)

ओटीतला स्कॅन वाचणं हे नेहमीच्या रिपोर्टिंगपेक्षा वेगळं काम आहे. आधीचा एमआरआय शेजारच्या पडद्यावर त्याच कापात, त्याच कोनात उघडा नसेल तर वाचूच नये.

गाठीसारखं दिसणारं पण गाठ नसलेलं पुष्कळ असतं. ताजं रक्त टी-१ वर गाठीइतकंच करडं दिसतं. त्याची ओळखीची पांढरी चकाकी यायला काही दिवस लागतात, त्यामुळे 'पांढरं नाही म्हणजे रक्त नाही' हा हिशेब इथे चालत नाही. रक्त थांबवायला भरलेला जिलेटिनचा स्पंज किंवा सेल्युलोजची जाळी पाण्याने फुगते आणि तिच्या कडेने कॉन्ट्रास्ट घेतल्यासारखं दिसतं. म्हणून काय भरलं, किती, कुठल्या बाजूला, हे सर्जनने स्कॅनच्या आधी सांगावं. पोटातली चरबी लावून जागा बंद करायची असेल तर ती स्कॅननंतर. चरबी टी-१ वर लख्ख पांढरी दिसते आणि शेजारचं सगळं झाकून टाकते.

ड्रिलने हाड घासताना बरचा धातू आणि सक्शनच्या टोकाचा कीस पडतो. डोळ्यांना दिसत नाही, चित्रात मात्र काळ्या भोकांची रांग उमटते. डायमंड बर वापरून भरपूर पाणी मारत राहिलं तर हे कमी होतं. सायनसमधली हवासुद्धा कडेच्या रेषा वाकवते. पोकळीत सलाइन भरून घेतलं तर चित्र सुधारतं.

कॉन्ट्रास्टबद्दल. मात्रा ०.१ मिलिमोल प्रति किलो. गॅडोब्युट्रॉल असेल तर ६० किलोच्या माणसाला ६ मिली, गॅडोटेरेट असेल तर १२ मिली, कारण त्याची तीव्रता निम्मी. दोन्ही एकाच ट्रेमध्ये असतील तर लेबल दोनदा वाचा. आणि कॉन्ट्रास्ट घाईने देऊ नका. कापलेल्या जागेतून ते पोकळीत झिरपतं आणि दहा मिनिटांनी सगळंच उजळतं. मग दुसऱ्यांदा परत जाऊन काढल्यावर पुन्हा स्कॅन करायचा झाला तर तो वाचायला अवघड. माझ्या मते मॅक्रोच्या बाबतीत 'वर तुकडा आहे का' हे बहुतेक वेळा साध्या टी-२ वर कळतं. कॉन्ट्रास्ट हातचा राखून ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचं: बाजूला किंवा मागे-वर जी पातळ, चटकन उजळणारी पट्टी दिसते ती बहुधा निरोगी ग्रंथी. तिला 'उरलेली गाठ' म्हटलं की सर्जन ती खरवडणार आणि पेशंट जन्मभर हायड्रोकॉर्टिझोनवर. रिपोर्टमध्ये 'शंका आहे' लिहून मोकळं होऊ नये. कुठे, किती मिमी, आधीच्या स्कॅनवर त्याच जागी काय होतं, ही तीन वाक्यं तोंडी सांगावीत.

---

रविवारची_मिसळ

वाखूसा (वाचनखूण साठवली)! मी या क्षेत्रातली नाही, पण सगळं कळलं. एकच प्रश्न, हे सगळं केल्यावर फरक किती पडतो? आकडा आहे का?

---

दुर्बीण

आहे. एरलांगेनच्या निम्स्की, फालबुश आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हार्मोन न बनवणाऱ्या मॅक्रो गाठींची मालिका छापली. ज्यांची गाठ पूर्ण काढायचा बेत होता असे ८५ पेशंट. १.५ टेस्लाच्या स्कॅनमध्ये त्यांतल्या ३६ जणांत काहीतरी उरल्याचं दिसलं. परत जाऊन काढल्यावर पूर्ण निघालेल्यांचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आणखी २१ जणांना फायदा.

---

तिरपागडा

हाच आकडा सगळीकडे फिरतो, म्हणून थोडं तिरकं बोलतो.

एक, सर्जनला माहीत असतं की आता स्कॅन होणार आहे. अशा वेळी हात थोडा लवकर थांबतो, 'दिसलंच तर परत येऊ'. त्यामुळे ५८ हा आकडा मुळातच खाली येतो आणि मधली उडी मोठी दिसते. स्कॅनची सोय नसती तर त्याच सर्जनने पहिल्या फेरीतच आणखी काढलं असतं की नाही, हे अशा मालिकेतून कळत नाही.

दोन, ते मुख्यतः सूक्ष्मदर्शकाचं युग. सूक्ष्मदर्शक सरळ रेषेत बघतो. पिट्सबर्गच्या जो आणि काराऊ यांनी १९९७ मध्ये पूर्ण एंडोस्कोपिक पद्धत मांडली आणि नंतर ती पसरली. ३० आणि ४५ अंशांच्या दुर्बिणीने वळून बघता येतं. कॅव्हर्नसच्या भिंतीलगतचा, डायफ्रॅमच्या घडीतला जो तुकडा पूर्वी एमआरआयने दाखवला असता, त्यातला बराचसा आता डोळ्यांनीच दिसतो. मग त्या ८५ जणांवरून आजच्या ओटीसाठी मशीन विकत घ्यायचं का?

तीन, पडदा उतरतच नसेल तर आधी फुकटचे उपाय करा. भूलतज्ज्ञाला सांगून वाल्साल्वा, म्हणजे फुप्फुसातला दाब २०-३० सेंमी पाण्याइतका काही सेकंद धरून ठेवायचा. किंवा आधीच लंबर ड्रेन (कमरेतून मणक्यात घातलेली नळी) घातला असेल तर त्यातून थोडं सलाइन. वरचा तुकडा बऱ्याचदा पोकळीत उतरतो. याला ना मॅग्नेट लागतो ना रंगवलेली रेषा.

---

दुर्बीण

पहिले दोन मुद्दे मान्य, तिसऱ्यात एक पुस्ती. गाठ चिवट, तंतुमय असेल तर वाल्साल्वाने काही उतरत नाही. डमरूसारखी, मधे डायफ्रॅमच्या भोकात आवळलेली गाठ असेल तरीही नाही. या दोन्हींत आणि ४० मिमीच्या पुढच्या गाठींत एंडोस्कोप असूनही एमआरआयचा उपयोग टिकून आहे. दुसऱ्यांदा ऑपरेशन होणाऱ्यांत तर नक्कीच, कारण तिथे खाणाखुणा पुसलेल्या असतात आणि व्रण कुठला, गाठ कुठली हे दुर्बिणीतूनही चटकन ओळखू येत नाही.

---

सकाळचं_कॉर्टिसॉल

हार्मोनवाल्यांच्या वतीने एक मुद्दा, कारण चर्चा सगळी मॅक्रोवर चालली आहे.

प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे प्रोलॅक्टिन हार्मोन बनवणारी गाठ, असेल तर बहुतेकांना ओटीची गरजच नाही, आधी कॅबरगोलीनच्या गोळ्या. आणि मोठी गाठ असूनही प्रोलॅक्टिन जेमतेमच वाढलेलं आलं तर नमुना १:१०० पातळ करून परत तपासून घ्या. प्रोलॅक्टिन अतोनात असलं की चाचणी चुकून कमी दाखवते. या एका पायरीने फुकटचं ऑपरेशन टळतं.

कुशिंग आजारात (गाठीमुळे शरीरात कॉर्टिसॉल वाढतं) गाठ कित्येकदा ३-४ मिमीची, काहींच्यात तर आधीच्या ३ टेस्लाच्या स्कॅनवरही दिसत नाही. जी गाठ शांतपणे काढलेल्या चित्रात दिसली नाही ती रक्ताळलेल्या पोकळीत दिसेल ही आशा फोल आहे. तिथे 'निघाली का' याचं उत्तर ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यातलं सकाळचं कॉर्टिसॉल देतं. ते ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं तर चांगली खूण. अॅक्रोमेगॅलीत (ग्रोथ हार्मोन वाढल्याचा आजार) आयजीएफ-१ या रक्ततपासणीसाठी १२ आठवडे थांबावं लागतं. हार्मोन बनवणाऱ्या मायक्रोसाठी ओटीतला एमआरआय सुचवला गेला तर 'कशासाठी' हे जरूर विचारा.

---

काळंपांढरं

+१. कुशिंगच्या मायक्रोबाबत पूर्ण सहमत.

---

सांधेदुरुस्ती

एमआरआय-ओटी देशात मोजक्या ठिकाणी आहे. जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हे ऑपरेशन होतं तेव्हा काय वापरतात, तेही लिहा की. तिथे अस्थिरोगवाल्यांचा सी-आर्म, म्हणजे फिरतं एक्स-रे यंत्र, असतो.

---

दुर्बीण

बरोबर, आणि सी-आर्मला कमी लेखू नये. पार्श्वचित्रात सेलाची बशी, स्फिनॉइड सायनस आणि हत्याराचं टोक एका नजरेत दिसतं. अट एकच, डोकं अगदी कडेवर हवं: डोळ्यांच्या दोन्ही खोबणींची छतं एकावर एक आली पाहिजेत. ती दुहेरी दिसत असतील तर कोन चुकलाय आणि वर-खालचा अंदाज फसणार. त्यात डावं-उजवं मात्र कळत नाही. मध्यरेषा नाकाच्या पडद्यातल्या वोमर हाडावरून आणि स्फिनॉइडच्या कण्यावरून धरायची. सायनसमधल्या पडद्यावर, सेप्टमवर, मध्यरेषेसाठी विसंबू नये. तो सरळ मधे क्वचितच असतो आणि कित्येकदा त्याचं मागचं टोक थेट कॅरोटिडच्या हाडावर बसलेलं असतं. असा सेप्टम पकडीने पिळून काढला तर हाडाची चीर धमनीत जाते. तो ड्रिलने घासूनच कमी करायचा. म्हणून नुसता एमआरआय पुरत नाही, नाकाचा सीटी हवाच.

दोन्ही कॅरोटिडमधलं अंतरही त्याच वेळी मोजावं. काहींच्यात ते जेमतेम ४ मिमी असल्याचं शवविच्छेदनाच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. अॅक्रोमेगॅलीत तर विशेष जपावं, वळणं घेतलेल्या धमन्या मधे आलेल्या असू शकतात.

ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) उघडण्याआधी सूक्ष्म डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं साधन) हे माझ्या मते या ऑपरेशनातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरलेलं साधन. साधारण १ मिमीचा प्रोब, १६ किंवा २० मेगाहर्ट्झ. ड्युरावर डावीकडून उजवीकडे मिलिमीटर-मिलिमीटर सरकवायचा. धमनीचा फूत्कार जिथे सुरू होतो त्याच्या आतच छेद घ्यायचा. प्रोब धमनीतल्या प्रवाहाला काटकोनात आला तर आवाज दबतो, आणि 'इथे काही नाही' असा भ्रम होतो. म्हणून प्रत्येक जागी कोन थोडा बदलून दोनदा ऐकायचं.

---

गॉसरेषा

नॅव्हिगेशन राहिलं. त्यावर एक गैरसमज फार आढळतो: पडद्यावर क्रॉस गाठीच्या बाहेर दिसतोय म्हणजे गाठ संपली. नॅव्हिगेशन कालचा नकाशा दाखवतं. हाड हलत नाही म्हणून सेलाचा तळ, कॅरोटिडचा उंचवटा, स्फिनॉइडचा कणा यांच्यासाठी ते शेवटपर्यंत विश्वासाचं. गाठ मात्र निघत असते, पडदा उतरत असतो, त्यांचं नकाशावर काही उमटत नाही. गाठ किती उरली हे विचारायचं असेल तर ओटीतला नवा स्कॅनच त्याच्यात घालावा लागतो.

आणि नोंदणी (नकाशा पेशंटच्या डोक्याशी जुळवणं) झाल्यावर लगेच नाकाच्या मुळाशी, कानासमोर तपासा. आत गेल्यावर हाडाच्या ओळखीच्या खुणेवर पुन्हा तपासा. चूक २ मिमीच्या वर असेल तर नोंदणी परत. चेहऱ्याच्या कातडीवरून नोंदणी केली असेल तर नाकाला लावलेली टेप किंवा नळीची चिकटपट्टी कातडी ओढते, चूक तिथूनच येते.

---

रविवारची_मिसळ

शेवटचा प्रश्न. नात्यात एकांची मॅक्रो गाठ निघाली आहे, सोलापूरला एमआरआय झालाय, ऑपरेशन मुंबईत. तिथे म्हणे पुन्हा एमआरआय आणि सीटी करावा लागेल. हे पैसे उकळणं आहे का?

---

काळंपांढरं

बहुधा नाही. मेंदूच्या सर्वसाधारण एमआरआयचे काप ५ मिमीचे असतात, नॅव्हिगेशनला १ मिमीच्या आसपासचे लागतात, नाकाच्या शेंड्यापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत, मधे फट न ठेवता. सीटीही पातळ कापांचा आणि गॅन्ट्री (यंत्राचं कडं) तिरकी न करता. फिल्मवरून यातलं काही होत नाही. सोलापूरच्या सेंटरमधून मूळ डायकॉम (स्कॅनच्या डिजिटल) फाइल्सची सीडी मागून घ्या, मुंबईत तीच आधी उघडून दाखवा. काप पातळ असतील तर एमआरआयचा खर्च वाचू शकतो, सीटीचा खर्च मात्र धरून चाला.

---

सकाळचं_कॉर्टिसॉल

आणि जाण्याआधी सकाळी ८ चं कॉर्टिसॉल, थायरॉइड (टीएसएच एकटं नको, फ्री टी-४ हवंच), प्रोलॅक्टिन, आयजीएफ-१, सोडियम आणि डोळ्यांची पेरिमेट्री (नजरेच्या कक्षेची तपासणी) हे सोलापुरातच होऊ शकतं. रिपोर्ट सोबत न्या. कॉर्टिसॉल कमी आलं तर त्याची गोळी आधी सुरू होते, थायरॉइडची नंतर, हा क्रम उलटा होता कामा नये. ऑपरेशननंतर घरी सोडताना सातव्या दिवसाच्या आसपासचं सोडियम कुठे तपासायचं ते लिहून घ्या. ते त्या सुमारास घसरतं, पेशंट घरी असतो, मळमळ-डोकेदुखीला ऑपरेशनचा थकवा समजून दुर्लक्ष होतं.

---

रविवारची_मिसळ

सीडी आज मागवते. पेरिमेट्री कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होते का?

---

सकाळचं_कॉर्टिसॉल

मशीन असलेल्या कुणाहीकडे. 'ऑटोमेटेड, दोन्ही डोळे, ३०-२' असं चिठ्ठीवर लिहून न्या.